बाळाच्या पहिल्या नाताळापासून दरवर्षी एक भेट: प्रथेची घडी कशी बसवावी

घरात मूल आले की त्याच्या पहिल्या नाताळाला भेटींची रीघ लागते. आजी-आजोबा, मावशी, काका, शेजारी असे सगळेच काही ना काही घेऊन येतात. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या निम्म्या वस्तू पलंगाखाली गेलेल्या असतात आणि कोणी काय दिले होते हे कोणालाच आठवत नाही. तेव्हा घरातले कोणीतरी सुचवते की, बाकी खेळणी येतील तशी येऊ द्यात, पण दरवर्षी ठरवून देण्याची अशी एक तरी भेट असावी. हा लेख अशा टप्प्यावर आलेल्या पालकांसाठी आहे. मी वसईच्या ख्रिस्ती घरातली असल्यामुळे उदाहरणे तिकडची येतील, पण नाताळ साजरा करणाऱ्या कोणत्याही घराला यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. प्रथा निवडताना चांगल्या वर्षाचा विचार करू नये, वाईट वर्षाचा करावा. ज्या वर्षी घरात आजारपण असेल, नोकरी गेलेली असेल किंवा घर बदलण्याची धांदल असेल, त्या वर्षीही जी भेट अर्ध्या दिवसात आणि थोड्या पैशांत आणता येईल, तीच पुढे टिकते. या कसोटीवर गोठ्यातली, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातली, एक मूर्ती किंवा एक पुस्तक उतरते. दरवर्षी सहल, दरवर्षी सोन्याचा दागिना किंवा दरवर्षी स्टुडिओत काढलेला छायाचित्रांचा संच सहसा उतरत नाही.

१. कोण देणार, कोणत्या दिवशी देणार आणि किती खर्च करणार

वस्तूचा विचार नंतर करावा. आधी हे तीन प्रश्न नवरा-बायकोने आपसात मिटवावेत, कारण पुढचे बहुतेक वाद यांतूनच उभे राहतात.

देणारा कोण, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. सांताक्लॉजच्या नावाने मोठी भेट दिली की मूल शाळेत जाऊन तसे सांगते. शेजारच्या मुलाला त्याच सांताने पेन्सिलचा डबा दिलेला असतो आणि त्याच्या आई-वडिलांना उत्तर सुचत नाही. त्यामुळे सांताच्या नावावर फार तर गोळ्या-चॉकलेट किंवा छोटेसे खेळणे ठेवावे आणि प्रथेची भेट उघडपणे आई-वडिलांची किंवा आजी-आजोबांची असावी. याचा दुसरा फायदा असा की, सांताचे गुपित ज्या वर्षी उघड होते त्या वर्षी प्रथेला धक्का लागत नाही.

दिवस निवडताना २५ डिसेंबरच हवा असे नाही. जर्मनीत आणि युरोपातील इतर काही देशांत संत निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला असतो आणि मुले आदल्या रात्री बूट घासून-पुसून दाराशी ठेवतात. हे निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातील मायरा या नगराचे बिशप होते आणि सांताक्लॉजची मूळ ओळख त्यांच्यापाशी जाते. स्पेनमध्ये भेटी देण्याचा मोठा दिवस ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांचा सण, हा आहे. आपल्याकडे २५ तारखेला मिस्सा (चर्चमधील उपासना), पाहुणे, जेवणावळ आणि घरोघरी फराळाची ताटे पोहोचवणे यांत मूल इतके गोंधळलेले असते की त्या दिवशी दिलेली लहानशी भेट हरवून जाते. मी आगमनकाळातील, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांतील, पहिल्या रविवारची शिफारस करेन. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो, घरात गडबड नसते आणि त्याच दिवशी नाताळाच्या सामानाची पेटी माळ्यावरून खाली काढता येते.

खर्चाचा आकडा ठरवून लिहून ठेवावा आणि तो पहिल्या वर्षी मुद्दाम कमी ठेवावा. पहिल्या बाळाच्या कौतुकात ठरवलेली रक्कम दुसरे बाळ आले की दुप्पट होते, हे त्या वेळी लक्षात येत नाही.

२. गोठ्यातील मूर्ती: सर्वांत टिकाऊ पर्याय

ख्रिस्तजन्माचा देखावा उभारण्याची प्रथा रूढ होण्यात असिसीचे संत फ्रान्सिस यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून तो प्रसंग उभा केला होता. वसईत, गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत आज जे गोठे दिसतात, ते त्याच परंपरेतले आहेत. मुलासाठी दरवर्षी या गोठ्यात एका मूर्तीची भर घालणे ही अशी प्रथा आहे की, तिला नवी जागा लागत नाही, तिचा दरवर्षी उपयोग होतो आणि मूल मोठे झाले तरी ती बालिश वाटत नाही.

पहिल्या वर्षी बाळ येशू, मरिया आणि योसेफ हे तिघे एकत्र घ्यावेत, कारण ते सुटे शोभत नाहीत आणि वेगवेगळे घेतल्यास एकमेकांशी जुळत नाहीत. पुढच्या वर्षांचा क्रम मुलाच्या वयाकडे पाहून लावावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मेंढरू, गाय आणि गाढव कळतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला मेंढपाळाची गोष्ट कळते. तीन मागी (म्हणजेच तीन राजे) आणि त्यांचे उंट सहा-सात वर्षांनंतर आणावेत, कारण तोवर त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे थोडे गोठ्याकडे सरकवण्याची गंमत मुलाला पेलता येते. गोव्यात रेइश मागूश, कासावली आणि चांदर येथे ६ जानेवारीला तीन राजांची फेस्त असते आणि राजे झालेली मुले घोड्यावरून येतात. मागी आणण्याच्या वर्षी जमल्यास मुलाला ती दाखवून आणावी.

मूर्ती संपल्या तर पुढे काय, अशी शंका अनेकांना येते. बायबलमधील शुभवर्तमानात मागी किती होते हे दिलेलेच नाही आणि जन्माच्या वर्णनात गाय-गाढवाचा उल्लेखही नाही. म्हणजे गोठ्यातली निम्मी मंडळी लोकांनी प्रेमाने आणून बसवलेली आहेत. इटलीतील नेपल्स शहराच्या गोठ्यांत तर पाववाला, कोळी, भाजीवाली अशी सगळी गल्ली भरलेली असते. आपल्या गोठ्यात टोपली घेतलेली कोळीण, केळीचा लोंगर खांद्यावर घेतलेला वाडीवाला किंवा बैलगाडी आली तर काहीही बिघडत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळे मिळतात. गणपतीच्या मूर्ती घडवणारे एखादे ओळखीचे कारागीर असतील, तर श्रावणाच्या आधी किंवा अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर त्यांना सांगून ठेवावे. ऐन हंगामात मात्र त्यांना अशी फुटकळ कामे सांगू नयेत.

खरेदी करताना या चार गोष्टी पाहाव्यात:

• उंची. उभ्या माणसाची उंची, समजा पाच इंच, ही एकदाच ठरवून वहीत लिहावी आणि दुकानात मोजपट्टी घेऊन जावे. वेगवेगळ्या वर्षी डोळ्यांच्या अंदाजाने घेतलेल्या मूर्ती एकत्र मांडल्या की मेंढरू योसेफाच्या खांद्याला लागते. नाताळाच्या बाजारात होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे.

• साहित्य. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती स्वस्त असते, पण तिची बोटे, काठी आणि मेंढराचे कान आधी तुटतात आणि ओल्या फडक्याने पुसली तर रंग जातो. भाजलेली माती, लाकूड किंवा रेझिन अधिक टिकते. प्लास्टरचीच घेतली असेल, तर रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी.

• तळ. मूर्ती उलटी करून पाहावी. तळ सपाट नसेल तर ती पेंढ्यावर उभी राहत नाही आणि तळाला पोकळी नसेल तर लिहायला जागा मिळते.

• बाळ येशू वेगळा आहे की गव्हाणीला चिकटवलेला, हे पाहावे. तो वेगळा असेल तर २४ तारखेच्या मध्यरात्री मुलाच्या हाताने ठेवता येतो. पण ही मूर्ती सर्वांत लहान असल्यामुळे सर्वांत आधी हरवते, म्हणून तिला स्वतंत्र डबी द्यावी.

मूर्तीच्या तळाशी वर्ष आणि मुलाचे आद्याक्षर लिहावे. मातीच्या किंवा प्लास्टरच्या न रंगवलेल्या तळावर मऊ शिसाची पेन्सिल उत्तम चालते. मार्करने लिहून वरून नेलपॉलिशचा थर देण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण त्याने शाई फिसकटते.

मुलाला या प्रथेत हाताने करण्याजोगे काम हवे असेल, तर उथळ ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरायला द्यावा. १२-१३ डिसेंबरच्या सुमारास पेरले आणि रोज थोडे पाणी शिंपडले तर नाताळापर्यंत गोठ्यासमोर ठेवण्यापुरती हिरवळ तयार होते. तीन वर्षांचे मूलही हे करू शकते, फक्त पाणी शिंपडण्याच्या नावाखाली ताटलीचे डबके होणार नाही याकडे मोठ्यांनी लक्ष ठेवावे.

३. पुस्तक: जिथे जागा कमी आहे तिथे

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांना गोठा वाढवत नेणे अवघड जाते. त्यांच्यासाठी दरवर्षी एक पुस्तक हा पर्याय चांगला आहे. आइसलंडमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तके भेट देऊन ती रात्री वाचत बसण्याची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर वस्तूंच्या आयातीवर निर्बंध असताना कागद त्यातल्या त्यात उपलब्ध होता, त्यातून ही पद्धत रुजली.

पुस्तक नाताळाविषयीच असावे, हा आग्रह सोडून द्यावा. मराठीत त्या विषयाची बालपुस्तके मोजकीच आहेत आणि दोन-तीन वर्षांत निवड संपते. त्यापेक्षा मुलाच्या त्या वर्षाच्या वेडाला धरून पुस्तक निवडावे, मग ते वेड जेसीबीचे असो, सापांचे असो की रेल्वेचे. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तके परवडणारी असतात. दोन वर्षांच्या आतील मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचेच पुस्तक घ्यावे.

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार-पाच ओळी लिहिणे हा या भेटीचा खरा गाभा आहे आणि आळस नेमका तिथेच आड येतो. त्या वर्षी मूल काय बोलू लागले, कोणता शब्द चुकवत होते, कोणाच्या मांडीवरून उतरत नव्हते, असे काहीतरी नेमके लिहावे. ‘खूप शिक, मोठा हो’ हे सगळ्याच पुस्तकांवर असते. आजी-आजोबा असतील तर एखाद्या वर्षी त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे आणि ते काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते, म्हणून बॉलपेन वापरावे. किनारपट्टीवर पुस्तकांना कसर लागते, त्यामुळे ती भिंतीला चिकटवून ठेवू नयेत आणि पावसाळा सरला की एकदा वारा द्यावा.

४. झाडावरची शोभेची वस्तू

हा पर्याय सर्वांत सोपा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. वर्ष घातलेली एक शोभेची वस्तू दरवर्षी घ्यावी, पण काचेचे गोळे मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत टाळावेत. आपल्या रोपवाटिकांत ख्रिसमस ट्री म्हणून जे झाड मिळते ते बहुधा अरौकारिया असते आणि त्याच्या कोवळ्या फांद्या लाकडी किंवा धातूच्या वस्तूंच्या वजनाने वाकतात. कापडाच्या, कागदाच्या किंवा क्रोशाच्या वस्तू बऱ्या.

५. मुलाच्या नावाने बचत

काही घरांत आजोबांचे म्हणणे असते की, मूर्ती आणि पुस्तके ठीक आहेत, पण उपयोगाचे काहीतरी द्या. ही मागणी रास्त आहे, मात्र बचत एकटी ठेवू नये, कारण खात्यातला आकडा चार वर्षांच्या मुलाला भेट वाटत नाही. ती दुसऱ्या लहान भेटीच्या जोडीने असावी.

मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर सुकन्या समृद्धी खाते टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडता येते. त्यात आर्थिक वर्षात किमान २५० रुपये भरावे लागतात, खाते उघडल्यापासून १५ वर्षे भरणा करायचा असतो आणि २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. मुलगा असेल तर त्याच्या नावाने पालकाला पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते उघडता येते, ज्यात वर्षाला किमान ५०० रुपये लागतात. दोन्ही खात्यांत महिन्याचे व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते. म्हणून भरणा २५ डिसेंबरला न करता १ ते ५ डिसेंबरच्या दरम्यान करावा. वर्षातून एकदा डिसेंबरात भरण्याचा नेम ठेवला तर एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षातील किमान भरणा कधीच चुकत नाही.

लागणारी कागदपत्रे: मुलाचा जन्मदाखला, पालकाचे आधार कार्ड आणि पॅन कार्ड, पालकाची छायाचित्रे आणि भरलेला अर्ज. जन्मदाखल्यावरील नावाचे स्पेलिंग आणि आधारवरील स्पेलिंग जुळते का, हे आधी पाहावे. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव आणि आडनाव यांच्या लेखनात फरक असणे नवीन नाही आणि खिडकीवर गेल्यावर अर्ज त्यावरूनच परत येतो.

यात दोन खाचखळगे आहेत. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर त्यांना नातवंडाच्या नावाने ही खाती उघडता येत नाहीत. त्यांनी पैसे पालकांना द्यावेत आणि पालकांनी भरावेत. दुसरे असे की, पीपीएफमध्ये मुलाचे आणि पालकाचे स्वतःचे खाते मिळून वर्षाला १.५ लाख रुपयांची मर्यादा असते.

६. वयाप्रमाणे घ्यायची काळजी

तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती लागणारी कोणतीही वस्तू घशात अडकण्याइतकी लहान नसावी. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती लहान समजावी. गोठ्यातली मेंढरे या चाचणीत हमखास नापास होतात, त्यामुळे त्या वयात मूर्ती मुलाला द्यावी, दाखवावी आणि त्याच्या देखत उंचावर ठेवावी.

भारतात १४ वर्षांच्या आतील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. पण गोठ्याच्या मूर्ती आणि झाडावरच्या वस्तू शोभेच्या म्हणून विकल्या जातात, खेळणी म्हणून नव्हे, त्यामुळे त्यांवर ती खूण असेलच असे धरू नये आणि तोंडात घालण्याच्या वयात रंगीत मूर्ती मुलाच्या हाती सोडू नयेत. चमकणाऱ्या किंवा गाणी म्हणणाऱ्या वस्तूंत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेल्यास काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू घेऊच नये. पेंढ्याच्या गोठ्यात मेणबत्ती लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

७. सामानाची पेटी आणि वही

पहिल्याच वर्षी पुढील सामान एकत्र करून ठेवावे: झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची पेटी, जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे, सिलिका जेलच्या पुड्या, मोजपट्टी, मऊ शिसाची पेन्सिल, बाळ येशूसाठी छोटी डबी आणि एक पुठ्ठ्याची वही.

वहीत दरवर्षी एक पान लिहावे: काय घेतले, कुठून घेतले, केवढ्याला घेतले आणि पुढच्या वर्षी काय घ्यायचे ठरले. शेवटची नोंद विशेष उपयोगी पडते, कारण नातेवाईकांनी विचारल्यावर त्यांना लगेच सांगता येते आणि तीन घरांतून तीन उंट येत नाहीत. धर्ममाता-धर्मपित्यांनाही (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांनाही) दरवर्षी काय द्यावे हा प्रश्न पडतोच. गोठ्याच्या एखाद्या वर्षाची मूर्ती त्यांच्याकडे सोपवली तर त्यांची सोय होते आणि मुलाशी नातेही राहते. प्रथेच्या बाहेरच्या भेटींना बंदी घालण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. आजी खेळणे आणणारच.

८. परदेशी राहणाऱ्यांसाठी

नातवंड परदेशी असेल तर मूर्ती किंवा पुस्तक ऑक्टोबर अखेरपर्यंत पाठवावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. पार्सलमध्ये पेंढा, बियाणे, वाळलेली पाने किंवा साल असलेले लाकूड घालू नये, अगदी मूर्तीभोवती गुंडाळायलाही नाही. पेरायची नाचणी तिथल्या भारतीय दुकानात मिळते. पोचण्याची तारीख हुकली तर ६ जानेवारीचा दिवस हाताशी आहेच.

९. दुसरे मूल आल्यावर

दुसऱ्या बाळाची प्रथा त्याच्या पहिल्या नाताळापासून सुरू करावी आणि थोरल्याशी बरोबरी करण्यासाठी मागच्या वर्षांच्या भेटी एकदम आणू नयेत. ज्या वस्तू एकत्र राहिल्या तरच शोभतात, त्या घराच्या मानाव्यात आणि ज्या सुट्या चालतात त्या मुलाच्या मानाव्यात. म्हणजे गोठा घराचा, पुस्तके आणि झाडावरच्या वस्तू ज्याच्या त्याच्या. हे मुले लहान असतानाच सांगून ठेवावे. गोठ्यात दोघांच्या मूर्ती येत असतील तर थोरल्याने माणसे आणावीत आणि धाकट्याने जनावरे, अशी वाटणी आमच्या ओळखीच्या एका घरात चालते. तिथे आता गोठ्यात माणसांपेक्षा बकऱ्या जास्त झाल्या आहेत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

१०. आवराआवर

भारतात अनेक धर्मग्रामांत (एका चर्चच्या कक्षेतील वस्त्यांत) प्रकटीकरणाचा, म्हणजे तीन राजांचा, सण ६ जानेवारीला न होता २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी साजरा होतो. मागी गोठ्यात कधी पोहोचवायचे हे ठरवण्यासाठी धर्मग्रामाची दिनदर्शिका पाहावी. गोठा त्यानंतर येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवायला हरकत नाही. आवरताना पेंढा पूर्ण झटकून टाकावा, कारण त्यातून पेटीत वाळवी आणि झुरळे शिरतात. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई रंगाला लागते आणि दमट हवेत कागद चिकटून बसतो. सुती कापडात एकेक मूर्ती स्वतंत्र गुंडाळावी, जड मूर्ती तळाशी आणि देवदूत सर्वांत वर ठेवावा, सिलिकाच्या पुड्या बदलाव्यात आणि वही पेटीच्या आत न ठेवता कपाटात ठेवावी, कारण पुढच्या ऑक्टोबरात ती पेटीच्या आधी लागते.